गाऱ्हाण्यातले घुबड

सोनूआपा आयुष्यभर दोघांनाच भ्याले, एक तिकीट तपासनीस आणि दुसरे घुबड. निवृत्त झाल्यावर तपासनिसाची भीती गेली. घुबडाची राहिली. आणि नेमके त्याच घुबडाच्या पाठीशी आमचे अख्खे गाव त्यांच्यामुळे उभे राहिले, हे बाहेरच्या कुणाला सांगितले तर मी रंगवून सांगते आहे असे वाटते. मला रंगवून सांगायची सवय आहे हे खरे, पण इथे त्याची गरज नाही.

लग्न होऊन मी डिचोली तालुक्यातल्या त्या गावात आले तेव्हा आपा डिचोली-पणजी गाडीवर कंडक्टर होते. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये फक्त चिऱ्यांच्या कुंपणाचा एक गडगा. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून शेजारी असूनही त्यांनी मला कधी वहिनी म्हटले नाही, ‘बाई’च म्हटले. माणूस ठेंगणा, पोट थोडे पुढे, कपाळाला गंध, आणि आवाज असा की गाडीच्या मागच्या दारात उभे राहून पुढच्या ड्रायव्हरला कुजबुजल्यासारखे बोलले तरी मधले सगळे प्रवासी दचकत. निवृत्तीनंतर गाडी सुटली, पण गाडीतली भाषा सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत लोक दारात घुटमळले की आपा मागून म्हणणार, “फुडें सरात, फुडें जागो आसा.” माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा शेवटच्या दर्शनाला दारात गर्दी झाली. आपांनी सवयीने हात वर करून म्हटले, “फुडें सरात, सगळ्यांक मेळतलां.” सकाळपासून रडणारा माझा नवरा त्या वाक्याला खुदकन हसला. नंतर तो म्हणायचा की त्या दिवशी पहिला श्वास नीट आला तो तेव्हाच.

त्यांची स्मरणशक्ती हा गावाच्या कौतुकाचा आणि चेष्टेचा विषय होता. कोण कुठे चढला, कुठे उतरणार, कुणाला वाटेत डुलकी लागते आणि कुठल्या वळणावर उठवायचे, सगळे डोक्यात. पण त्या डोक्याला दार नव्हते. जे दोन-चारदा कानावरून गेले ते आत जाऊन बसायचे आणि आपल्या मर्जीने बाहेर यायचे. शाळेत एकदा त्यांचा सत्कार झाला. आभाराचे भाषण छान चालले होते. “शाळेन माका मान दिलो, गुरुजनांचे उपकार,” असे म्हणता म्हणता आपा त्याच सुरात म्हणाले, “आणि निळ्या रंगाची पिशवी सापडलेली आहे, ज्यांची असेल त्यांनी मंडपात संपर्क साधावा.” सकाळपासून शेजारच्या मंडपातला ध्वनिक्षेपक तेच ओरडत होता. बोलून झाल्यावर आपा स्वतःच गोंधळले आणि खाली बसले. आमच्या मुख्याध्यापिकांना हसू आवरता आवरता ठसका लागला.

अशा माणसाकडे गावाचे गाऱ्हाणे होते. बाहेरच्यांना वाटते गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आमच्याकडे ती देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने केलेली विनवणी असते. एकाने खणखणीत आवाजात म्हणायचे आणि दर मागण्याला सगळ्या गावाने एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. हा मान गावसांच्या घराकडे, म्हणजे आपांकडे. सातेरी, रवळनाथ, मग शिमेवरचा राखणदार, वाटेवरचा, विहिरीवरचा, व्हाळावरचा म्हणजे ओढ्यावरचा, अशी नावे ते थांबे घेतल्यासारखी ओळीने घेत. एखादे नाव राहिले तर जिथे लक्षात आले तिथून पुन्हा पहिल्यापासून. जेवणाचा भात निवला, पोरे रडायला लागली तरी त्यांना त्याचे काही नसे. देवस्थान समितीचा अध्यक्ष रघुवीर एकदा म्हणाला, “आपा, एक नांव रवलां तर देव काय रागार जाता?” आपा म्हणाले, “थांब्यार उबो रवलेल्याक सोडून गाडी गेली तर तो रागार जायत ना?” रघुवीर हात जोडून परत रांगेत उभा राहिला. आता स्वतःचे ट्रक असले तरी तो लहानपणापासून आपांच्या गाडीत वाढलेला.

हा रघुवीर वाईट माणूस नव्हता. खाणी चालू होत्या तोवर त्याचे ट्रक रात्रंदिवस खनिज वाहायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, आणि काहीतरी करायला हवे म्हणून त्याने सगळी ताकद देवळात घातली. नवा सभामंडप झाला, फरशी झाली. आता त्याला देवराईच्या कडेला गाड्या लावायला जागा हवी होती. तिथे व्हाळाच्या काठी एक जुना रायवळ आंबा होता, आतून पोकळ. तो पाडायचे समितीने ठरवले. देवराईतले झाड देवाला विचारल्याशिवाय तोडत नाहीत, म्हणून जत्रा झाली की देवाला कौल लावायचा असेही ठरले.

खाणींच्या दिवसांत आमच्या व्हाळाचे पाणी लाल असायचे. त्या बंद झाल्यावर ते हळूहळू निवळले, मासे आले, कुर्ल्या आल्या. आणि एके वर्षी त्या आंब्यावर घुबड आले. साधा पिंगळा नव्हे. चांगले मांजराएवढे, मातकट रंगाचे, कानांवर पिसांचे झुपके असलेले, मासे धरून खाणारे. आमच्याकडे घुबडाला घुगूम म्हणतात, आणि ते ओरडायचेही तसेच, घशातून, घुमल्यासारखे. म्हाताऱ्यांनी ते लहानपणी पाहिलेले. आमच्या पिढीला नवीन. तिन्हीसांजेला पहिला आवाज आला की आपा घरात जाऊन अपशकुन टळावा म्हणून चुलीत मीठ टाकत, मीठ तडतडून थांबेपर्यंत बाहेर येत नसत. घरात गॅस असला तरी त्यांनी मागच्या पडवीत एक चूल ह्या कामासाठी राखून ठेवली होती.

घुबडापाठोपाठ केतकी आली. पणजीची, विशीतली मुलगी, पायांत मोठे बूट, गळ्यात दुर्बीण. पहिले काही दिवस गावाला वाटले की ही खाण परत सुरू करायला मोजणीला आली आहे, त्यामुळे तिला भरपूर चहा मिळाला. ती वनखात्याबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची होती. तालुक्यात ही घुबडे जवळजवळ संपली होती. जिथे एखादी जोडी उरली आहे तिथली घरट्याची झाडे आणि पाणी राखायचे, म्हणजे ती पुन्हा वाढतील, असे तिचे काम. सरकारी हुकूम आणून देवराईत काही होत नाही, गावाला वाटले तरच होते, हे तिला कुणीतरी बरोबर सांगितले होते.

आपांचे घर आंब्याला सगळ्यात जवळ. म्हणून ती त्यांच्या दारातल्या सोप्यावर बसायची. काकी, म्हणजे आपांची बायको, तिला चहा आणि सकाळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, टाकलेला उंडो पाव द्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला केतकी न कंटाळता तेच सांगायची: व्हाळाचे पाणी नितळ राहिले पाहिजे, आंब्यावरचे घर जागेवर राहिले पाहिजे, पिल्ले वाढली पाहिजेत. आपा आतल्या खोलीत बसून राहायचे. घुबडाच्या गोष्टी चालल्या असताना बाहेर येणे त्यांना नको वाटे. पण कानांना आत-बाहेर नसते.

एकदा तिने धीर करून विचारले, “आपा, तुम्ही गाऱ्हाण्यात एक शब्द घातला तर?”

“देवासमोर घुबडाचां नांव?” आपा म्हणाले. “माझी जीब झडात गो, चेडवा.”

पुढे जे झाले ते त्यांच्या जिभेनेच केले.

जत्रेच्या सकाळी सारा गाव सभामंडपात. रघुवीर नव्या सदऱ्यात, केतकी बायकांत माझ्या शेजारी. आपा हात जोडून उभे राहिले आणि गाडी निघाली.

“बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“घराघरात लेकूरबाळ सुखरूप ठेव, गोठ्यात गोरवां वाडव.”

“व्हय म्हाराजा.”

शीम झाली, वाट झाली, विहीर झाली. व्हाळाचा राखणदार आला.

“व्हाळातलां पाणी नितळ ठेव,” आपा म्हणाले, आणि तिथून जीभ भलत्याच रस्त्याला लागली. “आंब्यावयल्या घुगुमाचां घर जाग्यार ठेव, तेचीं पिल्लां वाडव.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाले.

म्हणून झाले आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले. ‘व्हय म्हाराजा’ हे आमच्या लोकांच्या तोंडात इतके बसलेले आहे की कुणी मागणे ऐकून होकार देत नाही, आवाज खाली आला की देतो. मंडपात मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्याही ऐकू आल्या. आपांचा चेहरा पिठासारखा पांढरा. हे त्यांनी मुद्दाम केले असे काहीजण आजही म्हणतात. तो चेहरा मी पाहिला आहे, त्यामुळे मी म्हणत नाही.

रघुवीर पुढे झाला. “आपा, परत सुरवातीपासून घाला. ता काडून टाका.”

आपांनी जोडलेले हात सोडले नाहीत. भीती त्यांच्या अंगात उभी होती, पण नियम त्याहून जुना होता. “कोण रवलो तर मी परत घालतंय,” ते म्हणाले. “आज कोण रवलो ना. एक जादा चडलो. तिकीट फाडलां रघुवीर, आता मदीच कसो उतरव? आणि तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलात.”

देवापुढे गावाने एका तोंडाने मागितलेली गोष्ट त्याच देवाला कौल लावून मोडायची कशी? आंबा वाचला. केतकी रडत होती, आणि बाजूच्या बायका तिला वाईट वाटले काय म्हणून विचारत होत्या.

पण आपांच्या घरात त्या दिवशी कुणी हसले नाही. त्यांचा मुलगा वास्कोला बंदरात कामाला, सून उमा इथेच. तिला चौथा महिना होता. ह्याआधी दोनदा दिवस राहून मूल हाती लागले नव्हते. काकी पडवीत बसून म्हणत होती, “सुनेच्या पोटात प्वार आणि ह्यो देवाकडे घुबडाचीं पिल्लां मागता.” दुपारी आपा गडग्याशी आले. मी कपडे वाळत घालत होते.

“बाई, चुकलां,” ते म्हणाले. “पण देवाकडे चुकून बोललेलांय बोललेलांच.” मग म्हणाले, “आता ह्यां प्वार आणि तां घुबड, दोगांय सुखरूप जावक जाय. पोराचां कायतरी झालां तर गाव घुबडाक जितां सोडचो ना. घुबडाचां झालां तर काकी म्हणतली, देवान आमचां मागणां परतवलां.”

मी पिळलेला टॉवेल परत पिळला.

त्या दिवसापासून आपा घुबडाचे राखणदार झाले. प्रेमाने नव्हे, धाकाने. धाकाने केलेली राखण प्रेमापेक्षा कडक असते, हे मी तेव्हा पाहिले. व्हाळात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारायची वाईट खोड आमच्या काही लोकांना होती. आपा काठावर जाऊन उभे राहत. भांडण नाही, शिवी नाही, फक्त त्या आवाजात विचारत, “जत्रेक तू व्हय म्हटलंस मां रे?” माणूस डबा उचलून घरी जाई. मंडपाचे मोठे दिवे आंब्यावर पडायचे, ते रघुवीरने स्वतः फिरवून घेतले. म्हणाला, “देवान सांगल्यार आमचो काय इलाज?” देवाने काही सांगितले नव्हते, पण त्याला माघार घ्यायला एक बरी वाट हवी होती आणि ती सगळ्यांनी त्याला दिली. शिगम्याचे ढोल दरवर्षी देवराईच्या कडेने जायचे. त्या वर्षी वरच्या वाटेने गेले. बायकांनी लांबची वाट म्हणून कुरकुर केली आणि सगळ्या गेल्या. केतकी म्हणायची, इतक्या गावांत फिरले, पण इतके लवकर काम कुठे झाले नाही. तिला आम्ही सांगितले नाही की गाव मनातून फार घाबरलेले आहे.

शिगमा झाला आणि पिल्लू पडले.

सकाळी पाणी आणायला गेलेल्या बाईने पाहिले. आंब्याखाली पाचोळ्यात, मळक्या कापसाच्या गोळ्यासारखे, डोळे मात्र ह्या एवढाले पिवळे. बातमी घरोघर गेली. उमाचे दिवस भरत आले होते. काकीने तिला खोलीत बसवून दार लावून घेतले. आंब्याखाली माणसे जमली, पण एक वर्तुळ करून, लांब. कुणीतरी म्हणाले, देवाचा निरोप आला. केतकीने पणजीहून फोनवर सांगितले की ते जखमी नसेल तर परत झाडावर ठेवा, आईबाप त्याला खायला घालतील. मी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितले. आमच्या पाडेल्याने, म्हणजे सगळ्या गावाचे नारळ काढणाऱ्या माणसाने, चढायची तयारी दाखवली. “चडतंय, पण तेका हात लावचंय ना,” म्हणाला. हात लावायला कुणीच तयार नव्हते. खरे सांगायचे तर मीही नाही.

आपा आले. खांद्यावर त्यांचा जुना खाकी शर्ट होता. वर्तुळाच्या कडेला थांबले. त्यांचे ओठ हलत होते, देवाचे नाव घेत असावेत. मग ते पुढे गेले, खाली बसले आणि डोळे गच्च मिटून पिल्लावर शर्ट टाकला. पिल्लू चोचीने टकटक वाजवू लागले. आपांनी ते छातीशी धरले. “जाग्यार ठेव म्हणान मागलां,” ते म्हणाले, कुणाला ते कळले नाही, “तर जाग्यार ठेवक जाय.” पाडेल्याने वेताची टोपली कमरेला बांधली, त्यात शर्टासकट पिल्लू ठेवले, आणि खालच्या जाड फांदीवर टोपली बांधून तो उतरला.

मग थांबणे आले. सारा दिवस ते मोठे घुबड समोरच्या झाडावर पाठ करून बसलेले. आपा देवळाच्या पायरीवर बसले, जेवायलाही उठले नाहीत. तिन्हीसांजेला आम्ही सगळे सभामंडपाच्या कठड्याशी दाटीवाटीने उभे होतो. व्हाळावरून काहीतरी रुंद, बिनआवाजाचे आले आणि टोपलीच्या काठावर बसले. त्याच्या पायात मासा होता. टोपलीतून ती टकटक पुन्हा ऐकू आली, मग थांबली, मासा खाल्ला जात होता म्हणून थांबली. रघुवीरने आपांना मिठी मारली. मी तिथेच फरशीवर बसले. तसे सुटल्यासारखे मला फार कमी वेळा वाटले आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उमाला मुलगी झाली, ठणठणीत. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा काकीने पडवीतली ती चूल स्वतःच्या हाताने मोडली. कुणी तसे सांगितले नव्हते.

पुढच्या जत्रेला व्हाळाच्या राखणदारानंतर आपांनी घुगुमाचे नाव घेतले, ह्या वेळी सावकाश, आणि गावाने ऐकून ‘व्हय’ म्हटले. ते ऐकायला खालच्या दोन गावांची माणसे आली होती. त्यांच्याही व्हाळावर जुनी झाडे होती. केतकीला मग तिथे पहिल्यापासून समजावावे लागले नाही. तिकडच्या गाऱ्हाण्यातही नाव गेले आणि मग घुबडेही तिकडे जाऊन राहिली. आता आमच्या व्हाळावर वरपासून खालपर्यंत त्यांचे ओरडणे ऐकू येते.

आपांचे माझ्या मनातले शेवटचे चित्र ते पणजीच्या हॉस्पिटलातून घरी आले त्या दिवसाचे. छातीत दुखल्यामुळे आठवडाभर तिथे होते. आमच्या गाडीतून त्यांना आणायला मी आणि नवरा गेलो. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळे ठीक, पण म्हातारा झोपत नाही, गोळ्या देऊनही नाही. गाडीत मी विचारले तर आपा वैतागून म्हणाले, “न्हीद खंयची येतली बाई? थंय रातचां कायच आयकूक येना.”

घरी पोहोचलो तेव्हा दिवस बुडत होता. आत जायला ते तयार होईनात, म्हणून उमाने सोप्यावरच उशी दिली आणि पेज आणायला आत गेली. देवराईतून एक घुबड बोलले, लांबून दुसऱ्याने उत्तर दिले. आपांनी मान भिंतीला टेकवली. उमा पेजेची वाटी घेऊन बाहेर आली तेव्हा ते बसल्या बसल्या बारीक घोरत झोपले होते, तोंड थोडे उघडे, एक चप्पल पायात, एक खाली. मग आम्हाला हळू जा अशी खूण करून तिने वाटी परत आत नेली.